रात्री तीन वाजता फोन कुणाला? छाती दाबू नका म्हणणाऱ्या आपल्या माणसाचा शब्द पाळताना

आयसीयूच्या दाराशी सिस्टर एक कागद पुढे करतात. "डॉक्टर बोललेत ना तुमच्याशी? मग इथे सही करा." कागदावर डीएनआर किंवा डीएनएआर अशी अक्षरं असतात. दोन्हींचा अर्थ एकच: हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करू नका. बहुतेक नातेवाइकांची या विषयाशी पहिली गाठ अशी उभ्या उभ्या, झोप नसलेल्या डोळ्यांनी पडते. सही केली तर आपणच मारलं असं वाटतं. नाही केली तर आजारी माणसाने दोन महिन्यांपूर्वी सांगितलेलं आठवत राहतं. त्या दाराशी पोचायच्या आधी वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा रुग्णांकडे घरी जाऊन सोबत करते. याची सुरुवात माझ्या आत्यापासून झाली. तिला अंडाशयाचा कॅन्सर होता, पोटात पाणी भरायचं. "मला इथेच जाऊ दे, छातीवर कुणाला बसू देऊ नका," असं ती मला आणि माझ्या काकूला स्वच्छ सांगून मोकळी झाली होती. तिचा मुलगा त्या दिवशी संध्याकाळीच नाशिकहून आला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. पहाटे तिचा श्वास अडकायला लागला आणि त्याने अँब्युलन्स बोलावली. कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टरने त्याचं काम केलं, तिची छाती दाबत राहिला. वीस मिनिटं. बरगडी मोडल्याचा आवाज मी पडद्याबाहेर उभी राहून ऐकला आहे. त्या डॉक्टरची काही चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आत्याने सांगितलं होतं, पण ज्याच्या हातात फोन होता त्याला नव्हे.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीसाठी आहेत. ऐन वेळी जो माणूस खाटेशेजारी असेल, त्याला काय करायचं ते ठाऊक असलं पाहिजे.

आधी शब्द समजून घ्या

डीएनएआर म्हणजे हृदय आणि श्वास थांबले तर ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नये, अशी डॉक्टरांनी रुग्णाच्या कागदपत्रांत केलेली नोंद. त्याचा अर्थ तेवढाच. सलाइन, अँटिबायोटिक, ऑक्सिजन, वेदनेचं औषध, रक्त देणं, अंग पुसणं, कूस बदलणं, यातलं काहीही या नोंदीमुळे थांबत नाही. "सही केली, आता सिस्टर लक्ष देणार नाहीत," ही भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. तशी वागणूक कुठे मिळालीच तर ती त्या वॉर्डची चूक आहे आणि तिथल्या तिथे बोलून दाखवायला हवी.

हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नाला सीपीआर म्हणतात. दोन्ही तळहातांनी छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी सुमारे ५ सेंटीमीटर खाली दाबायची. घशातून नळी, यंत्राने श्वास, गरज पडली तर विजेचा झटका. आजची ही पद्धत १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून पुढे आली. अचानक हृदय बंद पडलं पण बाकी शरीर धड आहे, अशा माणसासाठी ती आहे, आणि त्याच्यासाठी ती वरदानच आहे. शाळेत, कारखान्यात, सोसायटीत प्रत्येकाने शिकून घ्यावी अशी. पण कॅन्सर सगळीकडे पसरलेला, किंवा मूत्रपिंडं, फुप्फुसं, यकृत एकेक करून थकलेलं असतं, तिथे हृदय थांबतं ते त्या आजाराचा शेवट म्हणून. ते दाबून काही मिनिटं चाललं तरी मूळ कारण जागेवरच असतं, आणि मधल्या वेळात माणूस व्हेंटिलेटरवर, हातपाय बांधलेल्या अवस्थेत, घरच्यांपासून काचेपलीकडे असू शकतो.

याला इच्छामरण म्हणू नका. कुणी इंजेक्शन देऊन जीव घेत नाही. आजार आपल्या वाटेने जातो आणि आपण ती वाट अडवत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. अशा रुग्णाला जेवताना घास अडकला किंवा एखाद्या औषधाची रिअॅक्शन आली, तर त्यावर इलाज करायलाच हवा. तो त्याच्या आजाराचा शेवट नव्हे.

पहिली पायरी: डॉक्टरांना नेमकं विचारा

"कसे आहेत?" असं विचारलं की "सिरियस आहेत, प्रयत्न चालू आहेत" हेच उत्तर येणार. प्रश्न बदला. हा आजार बरा होण्यासारखा राहिला आहे का? पुढचे दिवस आहेत, आठवडे की महिने? हृदय थांबलं आणि तुम्ही सीपीआर केलं, तर ते चालतेबोलते घरी येण्याची शक्यता आहे का? तुमच्या स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत तुम्ही काय केलं असतं? या शेवटच्या प्रश्नावर बरेच डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसतात.

हे राउंडच्या गर्दीत विचारू नका. वेळ मागून घ्या, घरातली दोन माणसं जा, एकाने वहीत लिहून घ्यावं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये डीएनएआरबद्दल मार्गदर्शक सूचना आणि फॉर्मचा नमुना प्रसिद्ध केला आहे. ही बोलणी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन करावीत, हे त्यात धरलेलंच आहे. तेव्हा तुम्ही विषय काढलात तर काही वावगं करत नाही.

दुसरी पायरी: ज्याचा जीव आहे त्याला विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. "बाबांना सांगू नका, खचतील," असं मुलगा मला दारातच हळूच सांगतो. आत गेलं की बाबा विचारतात, "किती दिवस राहिलेत गं माझे? घरात कुणी बोलत नाही." दोघंही एकमेकांना जपत असतात आणि त्या जपण्यात बोलायचं राहून जातं. माझा अनुभव असा, की रुग्णाला बहुतेक वेळा कळलेलं असतं. त्याला बोलायला माणूस हवं असतं.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला समजत असेल, तर उपचार घ्यायचे की नाही हा निर्णय त्याचा. मुलाचा नाही, बायकोचा नाही, पैसे भरणाऱ्याचाही नाही.

विषय कसा काढायचा? थेट मरणावर जायची गरज नसते. "परत हॉस्पिटलमध्ये जायची वेळ आली तर जायचं का?" "तिथे नळी घालायची म्हणाले तर आम्ही काय सांगू?" "शेजारच्या आजोबांचं झालं तसं तुम्हाला चाललं असतं का?" गावाकडच्या एका आजींनी मला उत्तर दिलं होतं, "माझ्या अंगाला कुणी भोकं पाडू नका, तुळशीचं पान ठेवा तोंडात." डीएनएआरच्या कागदावर लिहायला यापेक्षा स्पष्ट काय हवं? तिचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले, तारीख घातली, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना वाचून दाखवले.

"घरात असं अभद्र बोलू नये" म्हणणारं कुणीतरी असतंच. त्यांच्याशी वाद घालू नका. पण आपल्याच मातीत विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध दोन्ही थांबवून देह ठेवला, हे त्याच घरातले ज्येष्ठ आदराने सांगतात. ते प्रायोपवेशन, म्हणजे ठरवून केलेला अन्नत्याग, होतं आणि आपला विषय त्याहून कितीतरी साधा आहे. तरी जाणाऱ्याच्या इच्छेला मान देणं आपल्याला परकं नाही, एवढं त्यातून नक्की सांगता येतं.

आणि उलट उत्तर आलं तर? "मला जगायचंय, जे करता येईल ते करा," असं रुग्ण म्हणाला, तर तेही तितक्याच आदराने लिहून घ्यायचं. विचारायचं ते ऐकण्यासाठी, पटवण्यासाठी नाही. मन बदलायची मुभा त्याला शेवटपर्यंत आहे, म्हणून तब्येतीत मोठा फरक पडला की पुन्हा एकदा विचारा.

तिसरी पायरी: घर एका सुरात आणा

घरातली सगळी माणसं एकदा एकत्र बसवा. परगावचे, परदेशातले व्हिडिओ कॉलवर. खास करून परदेशातला मुलगा किंवा मुलगी. इथल्यांनी सहा महिने आजार जवळून पाहिलेला असतो आणि तिकडच्याने फक्त फोनवर ऐकलेला असतो. तो विमानातून उतरून थेट आयसीयूत येतो आणि "सगळं करा" म्हणतो. त्यामागे प्रेम असतं आणि जवळ नसल्याची बोचही असते. त्याला आधीच बैठकीत घ्या. जमलं तर रुग्णानेच स्वतःच्या तोंडून सांगावं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावं.

मग एकच माणूस ठरवा. हॉस्पिटलशी तोच बोलेल. तो सगळ्यात मोठा असलाच पाहिजे असं नाही. गोंधळात आवाज न चढवता रुग्णाचं म्हणणं सांगू शकेल असा हवा. कित्येक घरांत मी पाहिलंय, की हे काम सुनेला उत्तम जमतं.

चौथी पायरी: कागद

कागद दोन प्रकारचे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. डीएनएआर हॉस्पिटलमध्ये उपचार करणारे डॉक्टर भरतात, त्या आजारापुरता, त्या अवस्थेपुरता. दुसरं लिव्हिंग विल, म्हणजे पुढे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेलं. ते माणूस स्वतः, धडधाकट असतानाही, करून ठेवू शकतो. घरदार कुणाला द्यायचं हे सांगणाऱ्या मृत्युपत्राशी त्याचा संबंध नाही. ते आपल्या मागे वाचायचं असतं, हे आपण असतानाच.

लिव्हिंग विलला कायद्याचा आधार ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दिला. त्याआधीची वाट मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधून गेली होती. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर तिथे अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि बरं न होणाऱ्या रुग्णाचे जीव टिकवणारे उपचार थांबवता येतील का, या प्रश्नाचं दार न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये पहिल्यांदा किलकिलं केलं. त्यांच्या बाबतीत मात्र परवानगी नाकारली. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना २०१५ पर्यंत, त्या जाईपर्यंत, सांभाळलं.

२०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की कुणी त्या वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. आता असं करायचं:

१. वय १८ च्या वर, मन ठिकाणावर, कुणाचा दबाव नाही. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, ते साध्या भाषेत लिहा. "बरे होण्याची आशा नसेल तेव्हा सीपीआर, व्हेंटिलेटर, डायलिसिस नको, वेदना कमी करणारं सगळं हवं," असं सरळ. मराठीत लिहिलं तरी चालतं.

२. आपल्या वतीने बोलायला एक किंवा अधिक माणसांची नावं लिहा. त्यांना आधी विचारा.

३. दोन साक्षीदारांसमोर सही करा. साक्षीदार शक्यतो घरातले, वाटेकरी नसावेत.

४. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्या. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, ती अट गेली.

५. प्रती वाटा: नेमलेल्या माणसांना, फॅमिली डॉक्टरांना, आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतर राज्याने ते नेमले. खिडकीवरच्या कारकुनाला माहीत नसेल तर आरोग्य विभागात विचारा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात करून दिली.

विचार बदलला तर लेखी रद्द करता येतं. दोन केली असतील तर शेवटचं धरलं जातं.

पाचवी पायरी: हॉस्पिटलमध्ये

भरती होतानाच कागद फाइलच्या सगळ्यात वर लावा आणि तोंडाने सांगा. सकाळच्या डॉक्टरांना सांगितलं ते रात्रीच्या आरएमओपर्यंत, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांपर्यंत, पोचलं आहे असं धरून चालू नका. ड्युटी बदलली की ठरवलेल्या माणसाने जाऊन नम्रपणे विचारावं, "नोंद पाहिलीत ना?" वॉर्ड बदलला किंवा हॉस्पिटल बदललं की पुन्हा पहिल्यापासून.

रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल आणि जीव टिकवणारे उपचार थांबवायचे किंवा सुरूच करायचे नसतील, तेव्हा न्यायालयाने घालून दिलेली रीत लागते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ बसतं. त्यानंतर हॉस्पिटल दुसरं मंडळ बसवतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. घरच्यांची किंवा नेमलेल्या माणसाची संमती लागते आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, त्यांची परवानगी मागायची नसते. लिव्हिंग विल केलेलं नसलं तरीही हीच वाट उघडी आहे. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

डॉक्टर टाळाटाळ करत असतील तर भांडायच्या आधी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचं काम करणाऱ्या, डॉक्टरांचं मत मागा. कायद्याच्या भीतीने गप्प बसलेल्या डॉक्टरलाही सोबत हवी असते.

एक चूक मात्र टाळा. कंटाळून, "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून रुग्णाला घरी आणू नका. तशा डिस्चार्जमध्ये पुढचं औषध मिळत नाही, पुढे फोन करायला कुणी उरत नाही आणि घरी माणूस तडफडतो. घरी न्यायचंच आहे तर सांगून न्या. मॉर्फिन, ऑक्सिजन, नर्सिंग आणि फोन नंबर ठरवून मगच निघा.

सहावी पायरी: घरी, रात्री तीनची तयारी

आता माझ्या आत्याच्या खोलीत परत येते.

भिंतीवर, फोनच्या वर, मोठ्या अक्षरांत एक कागद लावा. त्यावर तीनच गोष्टी: यांना सीपीआर नको आहे. श्वास बदलला तर पहिला फोन अमुक डॉक्टरांना, दुसरा पॅलिएटिव्ह केअरच्या सिस्टरना. १०८ ला फोन करायचा नाही. खाली रुग्णाची सही. रात्री थांबणाऱ्या प्रत्येकाला, केअरटेकर ताईंना, पाहुण्यांना तो वाचून दाखवा.

१०८ का नाही? कारण ती गाडी जीव वाचवायला निघते, आणि तिने तसंच निघायला हवं. तिच्यातल्या डॉक्टरांना तुमच्या घरातली सहा महिन्यांची बोलणी माहीत नसतात. शिवाय वाटेत प्राण गेला आणि रुग्ण मृतावस्थेत आणला अशी नोंद झाली, तर पोलीस आणि शवविच्छेदनापर्यंत गोष्ट जाऊ शकते. रुग्ण पडला, हाड मोडलं, वेदना कशानेच आवरेना, तर जरूर बोलवा. फाइल हातात घेऊन बसा आणि कागद वर ठेवा.

औषधांचं आधी ठरवा. दुखण्यावर मॉर्फिन असेल तर ते संपायच्या तीन-चार दिवस आधी आणा, ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त केंद्रांना ते ठेवणं सोपं झालं आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत दिलं तर मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध मात्र विचारून घ्याच. मुंबईत टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह विभाग आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण, म्हणून चालू आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. घरी झेपत नसेल तर अशा ठिकाणी नेणं ही हार नाही.

शेवट जवळ आला की माणूस खाणं सोडतो, जास्त झोपतो, हातपाय गार पडतात. श्वास मध्येच थांबतो, पुन्हा येतो. घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण त्या अवस्थेत रुग्णाला तिचा तितका त्रास होत नाही, असं जाणते डॉक्टर सांगतात. कुशीवर वळवा, डोकं थोडं वर ठेवा. तोंडात पाणी घालायची आपली रीत आहे, ती जरूर पाळा, फक्त चमच्याने ओतू नका, ठसका लागतो. कापूस गंगाजलात भिजवून ओठ ओले करा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा. कानाशी बोला. नाव घ्या, अभंग म्हणा, नातवाचा आवाज ऐकवा. घाबरून फोनकडे धावणाऱ्या हातांना हे काम द्या.

मृत्यूच्या दाखल्याची तजवीजही आधीच. जे डॉक्टर रुग्णाला पाहत आहेत त्यांना विचारून ठेवा, "रात्री झालं तर तुम्ही याल का? नसाल तर कोण?" घरी झालेल्या मृत्यूसाठी ते ४-अ नमुन्यात कारणाचा दाखला देतात. तो स्मशानभूमीत लागतो. मृत्यूची नोंद पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत २१ दिवसांत करायची.

श्वास थांबला की घड्याळ पाहा, वेळ लिहा. धावपळ करण्यासारखं आता काही उरलेलं नसतं. ऑक्सिजनचं यंत्र बंद करा, डोळे मिटवा, हवा तेवढा वेळ जवळ बसा आणि मग डॉक्टरांना फोन करा. सगळं उरकल्यावर, चार-आठ दिवसांनी, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून ज्या केंद्रातून आणल्या तिथे परत देऊन या.